कळतं, पण वळत का नाही? किशोरवयातला धोका आणि स्कूटरची किल्ली

दहावीतल्या कुठल्याही मुलाला विचारा: पावसात, हेल्मेट न घालता, ट्रिपलसीट स्कूटर पळवली तर काय होईल? तो अगदी बरोबर उत्तर देईल. वर ऐकलेले दोन-चार अपघातही सांगेल. आणि त्याच संध्याकाळी क्लास सुटल्यावर तो तिसरा म्हणून मागे बसलेला दिसेल. घरात यावर एकच निष्कर्ष निघतो, "याला अक्कल नाही." हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो धरून केलेले उपाय, म्हणजे भाषण, दटावणी आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेले अपघाताचे व्हिडिओ, बहुतेक वेळा वाया जातात.

आधी माहितीचा मुद्दा संपवू. "मला काही होत नाही" असं पोरांना वाटतं, म्हणून ती धोका घेतात, ही समजूत जुनी आहे. पण संशोधकांनी मुलांना वेगवेगळ्या धोक्यांची शक्यता विचारली, तेव्हा अनेकदा त्यांनी ती खऱ्यापेक्षा जास्तच सांगितली. अमेरिकेतला एक प्रयोग यात बोलका आहे. "शार्क माशांसोबत पोहणं ही चांगली कल्पना आहे का?" यासारखे प्रश्न विचारले गेले. मोठ्यांनी आणि मुलांनी दोघांनीही "नाही" म्हटलं, पण मुलांना उत्तर द्यायला किंचित जास्त वेळ लागला. मोठा माणूस इथे हिशेब करतच नाही, त्याच्या लेखी तो विषयच नाही. मुलगा मात्र क्षणभर का होईना, विचार करतो.

गंमत अशी की मुलाचा हिशेब गणित म्हणून चुकतही नाही. क्लासपासून घरापर्यंत दोन किलोमीटर ट्रिपलसीट जाताना त्या एका फेरीत अपघात होण्याची शक्यता खरोखरच कमी असते. समोर मजा नक्की, आणि मित्रांत मान राहणं नक्की. "एकदा गेलं तर काय होतंय" हे त्याचं वाक्य एका फेरीपुरतं खरं असतं. अशा फेऱ्या वर्षाला तीनशे होतात, हे त्या हिशेबात येत नाही. म्हणून त्याला शक्यतेचे आकडे ऐकवून फार उपयोग होत नाही. आकड्यांच्या खेळात तो तुम्हाला हरवेल. "आपल्या घरात ट्रिपलसीट बसत नाहीत" असं हिशेबाला जागाच न ठेवणारं साधं वाक्य जास्त टिकतं.

ब्रेक असतात, पण कधी?

किशोरवयीन मेंदूबद्दल बोलताना एक उपमा हमखास येते: इंजिन दमदार, पण ब्रेक अजून बसवायचे आहेत. ती अर्धीच खरी आहे.

आकाराच्या दृष्टीने मेंदू सहाव्या वर्षापर्यंत जवळपास ९० टक्के वाढलेला असतो. पुढे होतो तो बदल आतल्या जोडण्यांचा. न वापरल्या जाणाऱ्या जोडण्या छाटल्या जातात, वापरातल्या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण चढतं आणि संदेश वेगाने धावू लागतात. १९९० च्या दशकात तीच ती मुलं दर काही वर्षांनी एमआरआय यंत्रात तपासली गेली, तेव्हा दिसलं की कपाळामागच्या भागातला करडा थर साधारण ११-१२ व्या वर्षी सर्वात जाड होतो आणि नंतर विरळ होत जातो. नियोजन, आवर घालणं, परिणामाचा विचार ही कामं करणारा हा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. याउलट बक्षीस, कौतुक, थरार यांना प्रतिसाद देणारी मेंदूतली खोलवरची यंत्रणा वयात येतानाच संवेदनशील होते.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतासह ११ देशांतल्या १० ते ३० वर्षं वयाच्या पाच हजारांहून अधिक जणांची चाचणी झाली. थराराची ओढ वाढत जाऊन १९ च्या सुमारास शिखर गाठत होती. स्वतःला आवरण्याची क्षमता मात्र २३ ते २६ पर्यंत वाढतच होती. म्हणजे हे काही "हल्लीच्या पोरांचं" किंवा शहरातल्या लाडावलेल्या पोरांचं दुखणं नाही.

आता उपमेचा उरलेला अर्धा भाग. शांतपणे बसून, वेळ घेऊन, एकट्याने विचार करायचा असेल, तर साधारण १६ व्या वर्षी मुलाची तर्कशक्ती मोठ्यांच्या बरोबरीला आलेली असते. थोडक्यात, ब्रेक आहेत आणि रिकाम्या रस्त्यावर ते लागतातही. मागून दोघं "अरे घे ना, घे!" म्हणून ओरडत असताना ते लागत नाहीत. जेवणाच्या टेबलावर तुमच्याशी शहाण्यासारखं बोलणारा मुलगा आणि कट्ट्यावरचा मुलगा एकच असतो, तो खोटंही बोलत नसतो. मेंदू एकच, पण परिस्थिती दोन.

मित्र काही न बोलताही

यावर २००५ साली झालेला एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. संगणकावर गाडी चालवायची. पिवळा दिवा लागला की थांबायचं की दामटायचं, हे ठरवायचं. १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ च्या पुढचे असे तीन गट होते. एकटे खेळताना तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता. मित्र बाजूला बसवले, की सर्वात लहान गटाने घेतलेला धोका जवळजवळ दुप्पट झाला, मधल्या गटाचाही बराच वाढला, मोठ्यांचा मात्र हलला नाही.

पुढे २०११ मध्ये असाच खेळ मेंदूच्या स्कॅनखाली खेळवला. या वेळी मित्र शेजारी नव्हते, शेजारच्या खोलीतून बघताहेत एवढंच सांगितलेलं. तरी मुलांच्या मेंदूतला बक्षिसाला प्रतिसाद देणारा भाग जास्त पेटला. मोठ्यांत तसं झालं नाही. २०१४ मध्ये हे उंदरांवरही पाहिलं गेलं: पौगंडावस्थेतले उंदीर पिंजऱ्यातल्या सोबत्यांबरोबर असताना दारू जास्त पीत होते, प्रौढ उंदीर नव्हते. उंदरांना कोणी "फट्टू" म्हणून चिडवत नाही. म्हणून "वाईट संगत" हा शब्द जपून वापरायला हवा. चार सज्जन, अभ्यासू मुलं एकत्र आली, तरी नुसत्या एकत्र असण्याने धोका वाढतो. मित्र वाईट असावेच लागत नाहीत.

आणखी एक बारकावा. २०१२ च्या एका प्रयोगात असं दिसलं, की जिंकण्या-हरण्याची शक्यता स्पष्ट सांगितली, तर किशोरवयीन मुलं मोठ्यांपेक्षाही सावध खेळतात. शक्यताच अंधारात ठेवली, तर मात्र मोठी माणसं मागे सरतात आणि ही मुलं पुढे होतात. पावसाळ्यातले सह्याद्रीतले धबधबे म्हणजे नेमकी हीच परिस्थिती. पाणी गुडघाभर दिसतं. डोहाची खोली दिसत नाही, खालचा भोवरा दिसत नाही, आणि वर डोंगरमाथ्यावर आता सुरू झालेला पाऊस काही मिनिटांत इथलं पाणी वाढवणार आहे, हेही दिसत नाही. "जाऊ नकोस" यापेक्षा "पाणी अचानक गढूळ झालं, त्यात काटक्या-पाला वाहून यायला लागला, की त्याच क्षणी काठावर यायचं आणि जिथून ओढा ओलांडून आलात तिथून परत ओलांडायचा नाही" हे सांगणं उपयोगी, कारण त्याने न दिसणारा धोका दिसू लागतो.

स्कूटरचा हिशेब

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत या वयातला सगळ्यात मोठा खरा धोका दाराशीच उभा असतो, आणि त्याची किल्ली आपणच देतो. "आमचा पोरगा आठवीपासून गाडी चालवतो" हे वाक्य अजूनही अभिमानाने बोललं जातं.

कायद्याबद्दलचा एक गैरसमज फार पसरलेला आहे: सोळा पूर्ण झाली की गिअर नसलेली गाडी चालते. तसं नाही. १६ व्या वर्षी पालकांच्या संमतीने जे लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचं. घरोघरी दिसणारी ११० किंवा १२५ सीसीची स्कूटर त्यात बसत नाही, तिला १८ पूर्ण लागतात. लायसन्स आणि नोंदणी दोन्ही लागत नाही ती फक्त २५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर न जाणाऱ्या इलेक्ट्रिक दुचाकीला. ५० किंवा ७० ने पळणारी इलेक्ट्रिक स्कूटर कायद्याने पूर्ण वाहनच आहे, ती आवाज करत नाही म्हणून सायकल ठरत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९९अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार: ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होऊ शकते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. समोरच्याला द्यावी लागणारी भरपाई विमा कंपनी भरून पुढे मालकाकडून वसूल करू शकते, हा भाग तर बऱ्याच जणांच्या गावीही नसतो.

आता वेग. कोरडा रस्ता, चांगले टायर, आणि धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरू. ताशी ४० ला गाडी थांबायला साधारण २७ मीटर लागतात, ६० ला ४८, आणि ८० ला ७४ मीटर. वेग दुप्पट झाला, अंतर पावणेतीन पट. धडकेचा जोर तर चौपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० च्या वेगात दोन सेकंद मोबाइलकडे पाहिलं तर ३३ मीटर गाडी बघणाऱ्याविना गेली. मागे दोघं बसले की पुढचं चाक हलकं पडतं, आणि दुचाकीला थांबवण्याचं जास्त काम पुढचाच ब्रेक करत असतो. नवशिका घाबरून फक्त मागचा दाबतो, चाक घसरतं. मृगाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं साचलेलं तेल वर येतं, तेव्हा वरचे सगळे आकडे आणखी वाईट.

हे आकडे मुलांना जरूर सांगा. फक्त सांगून काम भागलं असं समजू नका.

मग करायचं काय

जे देश यातून शिकले, त्यांनी मुलांना उपदेश वाढवला नाही, परिस्थिती बदलली. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याचं लायसन्स आणलं: आधी मोठ्याच्या देखरेखीखाली, मग एकट्याने पण रात्री नाही आणि मित्रांना घेऊन नाही, आणि नंतर पूर्ण मोकळीक. पुढे अमेरिकेतल्या राज्यांनी आणि इतर देशांनी ही पद्धत उचलली. "मित्रांना घेऊन नाही" हा नियम नुसता कडकपणा नाही, वर सांगितलेल्या प्रयोगांत नंतर जे दिसलं, त्याचंच ते रस्त्यावरचं रूप आहे.

आपल्याकडे १८ व्या वर्षी आरटीओत पक्कं लायसन्स हातात पडलं की एकदम सगळं मोकळं होतं. ही फट घरातच भरावी लागते. कच्चं लायसन्स काढल्यावर पहिले काही आठवडे फक्त मोकळ्या मैदानात. तिथे एकच सराव पुन्हा पुन्हा: ताशी २०, मग ३०, मग ४० वरून, दोन्ही ब्रेक एकत्र आणि क्रमाने दाब वाढवत, खुणेवर थांबणं. २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक जोडलेले येतात, पण घरातली गाडी जुनी असेल तर ती सोय नसते, हे आधी बघा. मग उजेडातले ओळखीचे रस्ते. पक्कं लायसन्स आल्यावर पहिले तीन महिने मागे मित्र नाही, आई-बाबा किंवा आजी चालेल. सहा महिने अंधार पडल्यावर नाही, हायवे नाही. एक पावसाळा मोठ्याला मागे बसवून. प्रत्येक टप्प्यानंतर काय मोकळं होणार, हे आधीच लिहून फ्रीजवर लावा. "तू जबाबदार झालास की बघू" असं मोघम बोललं, की तारखेवरून रोज भांडण ठरलेलं.

हेल्मेट आयएसआय खुणेचं आणि मुलाच्या डोक्याच्या मापाचं, बाबांचं जुनं नको. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जावीत. मागून वर ढकललं आणि ते कपाळावर सरकलं, तर ते पडताना डोक्यावर राहणार नाही. पट्टा न लावलेलं हेल्मेट फक्त पोलिसाला दाखवायच्या कामाचं. एकदा जोरात आपटलं की बदलायचं, बाहेरून चांगलं दिसलं तरी.

मित्रांच्या गराड्यात मेंदू निर्णय घेऊ शकत नसेल, तर निर्णय आधीच, शांत असताना, घेऊन ठेवायला हवा. इथे पालक एक चूक करतात. "तिसरा बस म्हणाले तर काय करशील?" "नाही बसणार." विषय संपला. खरा प्रश्न पुढचा आहे: "मग घरी कसा येशील?" याचं उत्तर ठरलेलं नसेल, तर तो बसणार. फोनच्या कव्हरमागे कायम दोनशे रुपये ठेवा, फक्त रिक्षासाठी. वाक्यही ठरवून घ्या, तोंडाने दोनदा म्हणायला लावा: "तुम्ही व्हा पुढे, मला वाटेत काम आहे." नकाराचं कारण देऊ नये, कारण दिलं की त्यावर वाद सुरू होतो.

दुसरी गोष्ट सुटकेचा फोन. घरात एक निरुपद्रवी वाक्य ठरवा, समजा "आजीचं औषध आणलं का?" मुलाने किंवा मुलीने हा मेसेज केला, की आई किंवा बाबा दोन मिनिटांत फोन करून जरा आवाज चढवून म्हणणार, "आत्ताच्या आत्ता घरी ये." मग मित्रांत तोंड लपवावं लागत नाही, दोष बाबांचा, पोराचा नाही. न्यायला जावं लागलं तर जायचं, आणि वाटेत एकही प्रश्न विचारायचा नाही. बोलणं दुसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर. हे सगळं कोसळतं ते पहिल्याच वेळी, जेव्हा बाबा गाडीतच सुरू होतात, किंवा आई मित्राच्या आईला फोन लावते. त्यानंतर तो मेसेज पुन्हा कधी येत नाही. मुलींच्या बाबतीत हे आणखी नाजूक आहे. एकदा खरं सांगितलं म्हणून क्लास बंद, फोन जप्त झाला, तर पुढच्या वेळी ती अनोळखी माणसाच्या मागे बसून येईल, पण घरी कळवणार नाही.

भीती दाखवण्याबद्दल थोडं. अमेरिकेत मुलांना तुरुंगात नेऊन, कैद्यांकरवी दरडावून सरळ करायचे कार्यक्रम फार लोकप्रिय होते. त्यांच्या काटेकोर चाचण्या झाल्या, तेव्हा त्यात गेलेली मुलं न गेलेल्यांपेक्षा पुढे गुन्ह्यांत जास्त सापडली. रक्ताळलेले व्हिडिओ दाखवून काय साधतं, याचा अंदाज यावरून यावा.

झोपेचा यात मोठा हात आहे, आणि तो कुणी धरत नाही. वयात येताना शरीराचं घड्याळच दीड-दोन तासांनी पुढे सरकतं. अकराच्या आत झोप येत नाही, आणि गरज असते आठ ते दहा तासांची. सकाळी साडेसहाच्या क्लासला स्कूटरवरून निघालेला मुलगा अर्धवट झोपेतच असतो. २०२४ मध्ये राज्य सरकारने पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितले. चांगलंच झालं, पण ज्यांचं घड्याळ खरोखर पुढे सरकतं ते आठवी ते बारावीचे विद्यार्थी त्यात नव्हते.

थराराची ओढ मात्र मारून टाकता येत नाही, आणि टाकूही नये. घराबाहेर पडणं, अनोळखी माणसांत मिसळणं, नवीन काही शिकणं, या सगळ्यामागे तीच ओढ असते. तिला धोका हवाच असतो, पण तो पायऱ्यापायऱ्यांचा आणि उजेडातला असावा. मल्लखांब हे उत्तम उदाहरण. साधी अढी जमल्याशिवाय पुढची उडी नाही, खाली गादी, बाजूला शिक्षक, आणि बघणारे मित्र इथे काय चुकलं ते दाखवून देतात. दहीहंडीतही चांगलं पथक गुरुपौर्णिमेपासून सराव सुरू करतं, कोण कुठल्या थरावर ते वजन बघून ठरतं, पडायचं कसं तेही शिकवतं. १४ वर्षांखालच्या मुलांना थरांत चढवू नये, ही अट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे राज्य सरकारने मान्य केली, तरी वरच्या थराला हलकं पोर हवं म्हणून ती वाकवली जाते. आपला मुलगा पथकात जात असेल तर सराव किती दिवस आधी सुरू होतो, आणि हार्नेस, मॅट, विमा आहे का, हे विचारायला लाजू नका.

आतापर्यंतचं सगळं नेहमीच्या धोक्याबद्दल होतं, जो मित्रांसोबत आणि मजेसाठी घेतला जातो. मुलगा एकटाच धोका घेत असेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-जेवण बिघडलं असेल, आवडत्या गोष्टी सुटल्या असतील, अंगावर जखमांच्या खुणा लपवत असेल किंवा "मी नसलो तर बरं" असं बोलत असेल, तर ते वयाचं खूळ समजू नका. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी "मैत्री" नावाचे सल्ला कक्ष आहेत, तिथे विनामूल्य बोलता येतं. १४४१६ या टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीच्या, क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलायला माणूस मिळतो, आणि १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी मुलाला स्वतःलाही लावता येते. हे दोन्ही क्रमांक तुमच्या नाही, त्याच्या फोनमध्ये साठवलेले हवेत.